टर्मिनल आणि फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडीत नव्याने लागलेली मुलं, भोसरी-चाकणचे वर्कशॉपवाले, विद्यापीठात संशोधन करणारे आणि सोसायटीची वेबसाइट गळ्यात पडलेले सेक्रेटरी, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. घाईत असाल तर आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. टर्मिनल एम्युलेटर म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे कमांड प्रॉम्प्ट आहेच की.

डेक कंपनीने १९७८ साली व्हीटी१०० नावाचं टर्मिनल काढलं. स्क्रीन, कीबोर्ड आणि मागून निघालेली केबल, एवढंच. खरा कॉम्प्युटर दुसऱ्याच खोलीत असायचा. आजचे टर्मिनल एम्युलेटर त्या डब्याची नक्कल करतात. पुटी या फुकट एम्युलेटरची खिडकी ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच उघडते ना, ते माप त्याच काळातलं.

कमांड प्रॉम्प्ट मुळात तुमच्याच मशीनला हुकूम देतो. एम्युलेटर पलीकडच्या मशीनशी बोलतो, आणि पलीकडे काय बसलंय त्याप्रमाणे नक्कल बदलते. लिनक्स सर्व्हरला एक चालते, आयबीएमच्या मेनफ्रेमला (बँका-विमा कंपन्यांचा मोठा कॉम्प्युटर) दुसरी, सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र) तिसरी. त्यामुळे ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: पलीकडे काय आहे?

२. पलीकडे साधा लिनक्स सर्व्हर आहे. विंडोजवर काय घेऊ?

बहुतेकांना काहीच घ्यावं लागत नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच (एसएसएच, म्हणजे पलीकडच्या मशीनशी झाकून बोलायची पद्धत, वापरणारं सॉफ्टवेअर) आतच येतं आणि विंडोज टर्मिनल फुकट आहे. रोज एक-दोन सर्व्हरवर जाणाऱ्याला एवढं पुरतं. मॅक आणि लिनक्सवाल्यांनी तर हा प्रश्न वाचायचीही गरज नाही.

सिरियल पोर्ट (जुन्या मशीनशी थेट केबलने बोलायची जोडणी) लागत असेल, किंवा ऑफिसच्या नोट्समधली सगळी चित्रं पुटीचीच असतील, तर पुटी घ्या. सर्व्हरवरचा ग्राफ काढणारा प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडायचा असेल तर मोबाएक्सटर्म सोयीचं, कारण त्यासाठी लागणारा एक्स सर्व्हर त्यात आधीच असतो. त्याच्या फुकट आवृत्तीत १२ सेशनच साठवता येतात. राउटर-स्विचची लांबलचक यादी सांभाळणारी मंडळी सिक्युअरसीआरटी विकत घेतात आणि त्यांना ते परवडतं. बाकीच्यांनी खिशात हात घालण्याआधी महिनाभर फुकटात भागतंय का ते बघावं.

३. पुटी सर्च केलं तर चार-पाच साइट येतात. खरी कुठली?

पुटी लिहिणारे सायमन टॅथम. त्यांनी ते १९९९ पासून फुकट दिलं आहे. त्यांचं पान चिआर्क डॉट ग्रीनएंड डॉट ऑर्ग डॉट यूके या पत्त्यावर आहे आणि दिसायला अगदी जुनाट आहे. चकचकीत दिसतं म्हणून दुसरीकडे जाऊ नका. पुटी डॉट ऑर्ग हा पत्ता त्यांचा नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर ‘जाहिरात’ म्हणून येणाऱ्या दुव्यावर तर चुकूनही क्लिक करू नका, तिथून पासवर्ड चोरणारी पुटी वाटल्याची प्रकरणं झाली आहेत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही घेता येईल.

आधीपासून पुटी असेल तर आवृत्ती तपासा. ०.६८ ते ०.८० मध्ये एक गंभीर दोष होता, तो एप्रिल २०२४ मध्ये बाहेर आला. ईसीडीएसए पी-५२१ प्रकारची की (की म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये) वापरली असेल तर साधारण ६० सह्यांवरून खाजगी की काढता येत होती. ०.८१ टाकून काम भागत नाही. ती की सर्व्हरवरून काढायची आणि नवी बनवायची. दुसऱ्या प्रकारच्या कीला या दोषाचा धक्का नाही.

४. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर टेलनेट मस्त चालतं. बदलायचं कशाला?

टेलनेट म्हणजे पलीकडच्या मशीनवर लॉगिन करायची जुनी पद्धत, आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. त्याच नेटवर्कवर बसलेला कोणीही तो वाचू शकतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेमकं असंच झालं, पासवर्ड चोरीला गेले. त्यानंतर १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, आणि मधला २२ त्यांनी मागून घेतला.

वेगळ्या बंद नेटवर्कवर राउटर पहिल्यांदा सुरू करण्यापुरतं टेलनेट चालेल. बाकी कुठेही नको.

५. एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी, एससीपी: नावं वेगळी, गोष्ट एकच ना?

नाही, आणि निम्मी ‘कनेक्ट होत नाही’ची तक्रार इथेच जन्मते.

चारही फाइल नेण्या-आणण्याच्या पद्धती. एफटीपी सगळ्यात जुना. त्याचा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे, तेव्हा एमआयटीत होते. सुरक्षेचा विचार त्यात नाही, पासवर्ड उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकला, म्हणून जुने दुवे आता ब्राउझरमध्ये उघडत नाहीत.

एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी, वर टीएलएसचं, म्हणजे मजकूर झाकणारं, कवच. पोर्ट बहुधा २१, कधी ९९०. एसएफटीपीचा एफटीपीशी नावापुरताच संबंध. तो एसएसएचच्या आतून चालतो, पोर्ट २२. एससीपीही एसएसएचवरच. पण २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी कमांड आतून एसएफटीपीच वापरते.

तेव्हा बँकेने किंवा क्लायंटने ‘एसएफटीपी डिटेल्स’ पाठवले की आधी पोर्ट बघा. २२ असेल तर एसएफटीपी निवडा. २१ किंवा ९९० असेल तर समोरच्याला एफटीपीएस म्हणायचं असावं. एक मेल टाकून खात्री करा, अर्धा दिवस वाचेल.

६. फाइलझिला चांगलं की विनएससीपी?

फक्त विंडोज असेल तर माझं मत विनएससीपीला. स्क्रिप्ट लिहून रोज रात्री आपोआप फाइल पाठवता येतात आणि सर्व्हरवरची फाइल जागच्या जागी उघडून सुधारता येते. मॅक किंवा लिनक्सही असेल तर फाइलझिला, ते तिन्हीकडे सारखंच दिसतं.

फाइलझिला घेताना दोन गोष्टी. मुख्य हिरवं बटण दाबलं तर इन्स्टॉलरबरोबर दुसऱ्या सॉफ्टवेअरची ऑफर येऊ शकते. बाजूला ‘इतर पर्याय’चा दुवा असतो, तिथली स्वच्छ फाइल घ्या. दुसरं, साठवलेले पासवर्ड ते जवळजवळ उघडे ठेवतं. सेटिंगमध्ये मास्टर पासवर्ड लावला तरच ते झाकले जातात. सायबर कॅफेच्या किंवा कॉलेजच्या लॅबच्या मशीनवर पासवर्ड साठवूच नका.

७. पासवर्डऐवजी ‘की’ वापरा म्हणतात. पण माझी की कधी चालते, कधी नाही.

कीची जोडी असते. सार्वजनिक की सर्व्हरवर जाते, खाजगी तुमच्याकडे राहते. नवी बनवत असाल तर एड२५५१९ प्रकार निवडा आणि पासफ्रेज लावा.

न चालण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. पुटी आपली की पीपीके स्वरूपात ठेवते, ओपनएसएसएचला ते कळत नाही. पुटीजेनमध्ये उघडून दुसऱ्या स्वरूपात एक्स्पोर्ट करा. दुसरं, २०२१ च्या पुटी ०.७५ पासून पीपीकेची तिसरी आवृत्ती आली. जुनी सॉफ्टवेअर ती वाचत नाहीत, मग पुटीजेनमध्ये दुसरी आवृत्ती निवडून पुन्हा सेव्ह करा. तिसरं कारण परवानग्यांचं. लिनक्सवर खाजगी की दुसऱ्यांना वाचता येत असेल तर एसएसएच ती सरळ नाकारतं. परवानगी ६०० ठेवा.

आणि खाजगी की व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. सर्व्हरवाल्याने मागितली तरी नाही. त्याला फक्त सार्वजनिक लागते.

८. काल चालत होतं, आज ‘होस्ट की बदलली आहे’ अशी भीतीदायक सूचना येते. येस दाबू?

थांबा. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची की असते, पहिल्या भेटीत तुमचं सॉफ्टवेअर तिचा ठसा लक्षात ठेवतं. आज तो जुळला नाही. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला असेल, तोच आयपी दुसऱ्या मशीनला मिळाला असेल, किंवा मध्ये कोणीतरी बसलं असेल. पहिली दोन कारणं फार जास्त आढळतात, पण हे स्क्रीनकडे बघून कळत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा, नवा ठसा वाचून दाखवायला सांगा, जुळला तर जुनी नोंद काढा.

९. मला मेनफ्रेम प्रोजेक्ट मिळालाय. पुटीने होईल का?

नाही. मेनफ्रेमला ३२७० प्रकारचं एम्युलेशन लागतं. कंपनी बहुधा आयबीएमचं पर्सनल कम्युनिकेशन्स किंवा तसलंच काही देते. घरी सराव करायला फुकटचं डब्ल्यूसी३२७० आहे. आयबीएमचंच एएस/४०० मशीन असेल तर ५२५० लागतं, हे दोन अदलाबदल करून चालत नाहीत.

लिनक्सची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. लिनक्सवर प्रत्येक अक्षर लगेच पलीकडे जातं. ३२७० वर तुम्ही टाइप केलेलं तुमच्याचकडे राहतं आणि एंटर दाबल्यावर भरलेली स्क्रीन एकदम जाते. लिहायला मनाई असलेल्या जागी टाइप केलं तर खालच्या पट्टीत एक्स येतो आणि कीबोर्ड बंद पडतो. घाबरू नका, रिसेट दाबा. पर्सनल कम्युनिकेशन्समध्ये ती बहुधा डावीकडची कंट्रोल असते. एक्सशेजारी घड्याळ दिसत असेल तर मात्र मशीन काम करतंय, वाट बघा. ५२५० वर एफ१३ ते एफ२४ मागितल्या तर शिफ्टबरोबर एफ१ ते एफ१२.

१०. मेनफ्रेमवरून आणलेल्या फाइलमध्ये नावं बरोबर येतात, रकमा मात्र कचरा. का?

हा मला सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर डोळ्यांनी पाहता येतं.

कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत साठवतो. मेनफ्रेम त्यासाठी ईबीसीडीआयसी हा तक्ता वापरतो, तुमचा पीसी ॲस्की. टेक्स्ट म्हणून फाइल आणली की सॉफ्टवेअर प्रत्येक बाइट तक्त्यात बघून बदलतं. ईबीसीडीआयसीत रिकामी जागा म्हणजे हेक्स ४०, ॲस्कीत हेक्स २०. नावांसाठी हे अगदी योग्य. पण कोबॉल या मेनफ्रेमवरच्या भाषेतल्या पॅक्ड आकड्यात एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेले असतात. त्यात ४ आणि ० शेजारी आले तर तोही बाइट हेक्स ४०. सॉफ्टवेअरला ती रिकामी जागा वाटते, ते २० करतं आणि तुमचे चाळीस वीस होतात. बाकीचे बाइट कशाचेही काहीही होतात. चूक दिसली तर नशीब. चाळिसाचे वीस झालेले कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

उपाय दोन. मेनफ्रेमवरच सॉर्ट प्रोग्रॅम वापरून रकमा साध्या अंकांत उलगडा आणि मग टेक्स्ट म्हणून आणा. किंवा बायनरी आणा आणि इकडे कॉपीबुक (रेकॉर्डमध्ये कुठे काय आहे याचा नकाशा) हाताशी धरून वाचा. बायनरीत ओळ संपल्याची खूण नसते, रेकॉर्डची लांबी माहीत हवी. मला पहिला मार्ग बरा वाटतो.

११. भोसरीत वर्कशॉप आहे. पीसीवरून सीएनसीला प्रोग्रॅम पाठवतो, पण मध्येच अडकतो किंवा भलतीच अक्षरं येतात.

पुटी इथे उपयोगाची नाही, सिरियलवर फाइल पाठवायची सोय तिच्यात नाही. टेरा टर्म घ्या, फुकट आहे. त्यात फाइल पाठवता येते आणि प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबायलाही सांगता येतं.

मशीनच्या पॅरामीटरमध्ये जे आहे तेच सॉफ्टवेअरमध्ये हवं. फॅनक कंट्रोलवर बहुतेक वेळा ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जास्तीचा बिट) दिसते, स्पीड ४८०० किंवा ९६००. राउटरवाल्यांचं ८ बिट, पॅरिटी नाही, हे इथे चालत नाही. बिघाडाच्या प्रकारावरून कारण कळतं. सगळंच अगम्य दिसलं तर स्पीड चुकला. काही अक्षरं बरोबर आणि काही विचित्र, तर पॅरिटी किंवा बिट. सुरुवात स्वच्छ आणि पुढे प्रोग्रॅमचे ब्लॉक (ओळी) गायब, तर फ्लो कंट्रोल: मशीन ‘थांब’ म्हणतंय आणि पीसी ऐकत नाही. एक्सऑन-एक्सऑफ (‘चालू दे’ आणि ‘थांब’ या खुणा) दोन्हीकडे सुरू करा. फाइलच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आहे ना, तेही बघा. ते नसेल तर कंट्रोल नुसता वाट बघत बसतो.

केबलबद्दल. तपकीर गल्लीत मिळणारी यूएसबी-सिरियल केबल चालते, पण आतली चिप कुठली ते विचारून घ्या. नकली किंवा बंद झालेल्या प्रोलिफिक चिपला विंडोजचा नवा ड्रायव्हर ओळख देत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं. एफटीडीआयची चिप महाग पडते, पण डोकेदुखी कमी. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. आणि मशीन चालू असताना केबल काढू-लावू नका, पोर्ट जळतो आणि बोर्डाच्या दुरुस्तीचा खर्च केबलच्या कितीतरी पट येतो.

१२. दहा मिनिटं चहाला गेलो की कनेक्शन तुटतं. आणि लाइट गेली तर काम पहिल्यापासून.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधले राउटर आणि फायरवॉल शांत पडलेलं कनेक्शन काही वेळाने विसरून जातात. पुटीमध्ये ‘कनेक्शन’ पानावर कीपअलाइव्ह (किती सेकंदांनी छोटा निरोप पाठवून कनेक्शन जागं ठेवायचं) ० असतो, तो ६० करा. ओपनएसएसएचमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०.

लाइट गेली तर कीपअलाइव्ह काय करणार? त्यासाठी सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीन हा प्रोग्रॅम सुरू करून त्याच्या आत काम करा. गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी लाइट घालवली, राउटर बंद पडला, तरी सर्व्हरवर काम चालूच राहतं. लाइट आली की लॉगिन करून त्याच सेशनला पुन्हा जोडायचं.

आयसरच्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम करणाऱ्यांनी मात्र मोठं गणित टर्मिनलमध्ये चालवूच नये, टीमक्समध्येही नाही. शेड्युलरला (कामं रांगेत लावणारा प्रोग्रॅम) जॉब द्या आणि खिडकी खुशाल बंद करा. लॉगिन नोड, म्हणजे आपण आत शिरतो ते मशीन, सगळ्यांचा असतो.

१३. काहीतरी दाबलं आणि स्क्रीन गोठली. बंद करून पुन्हा उघडू?

कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीने तुमचं बोट कंट्रोल-एसवर गेलं असणार. टर्मिनलच्या जगात ते एक्सऑफ, म्हणजे ‘थांब’. प्रश्न ११ मधलीच गोष्ट, इथे बोटांनी केलेली.

कंट्रोल-सीने कॉपी होत नाही, चालू काम मरतं. पुटीमध्ये नुसतं सिलेक्ट केलं की कॉपी, राइट क्लिक केलं की पेस्ट. चार ओळी पेस्ट झाल्या तर त्या लगेच चालायलाही लागतात, तेव्हा राइट क्लिक जपून.

१४. मोठी फाइल ९० टक्क्यांवर तुटली. आणि १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर स्पीड १२ च का?

दुसरं आधी: कनेक्शन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

तुटलेल्या फाइलसाठी विनएससीपी १०० केबीपेक्षा मोठी फाइल आधी फाइलपार्ट अशा शेपटीच्या नावाने उतरवतं आणि तुटली तर तिथून पुढे चालू करतं. ती शेपटीवाली फाइल कचरा समजून उडवू नका. लिनक्स-मॅकवर आरसिंक ही कमांड, पार्शल पर्यायासह. हजारो छोट्या फाइल असतील तर आधी एक झिप करा, प्रत्येक फाइलमागचा वेळ वाचतो. पोचल्यावर दोन्हीकडचा एसएचए-२५६ (फाइलचा ठसा) ताडून बघा. विंडोजवर पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश ते देतं.

१५. एफटीपीला लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येतच नाही.

एफटीपी दोन कनेक्शन वापरतो, एक हुकमांसाठी आणि एक डेटासाठी. ॲक्टिव्ह मोडमध्ये दुसरं कनेक्शन सर्व्हर तुमच्याकडे उघडतो आणि घरचा राउटर ते अडवतो. पॅसिव्ह मोड निवडा. तरीही अडलं तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पॅसिव्हचे पोर्ट उघडलेले नाहीत, होस्टिंगवाल्याला सांगा. एसएफटीपीला ही कटकट नाही.

१६. झिप पोचली पण उघडत नाही. स्क्रिप्ट पोचली पण चालत नाही.

एफटीपीच्या ॲस्की मोडमध्ये ओळीच्या शेवटच्या खुणा बदलतात. झिप, फोटो, पीडीएफ त्यात खराब होतात, त्यांना बायनरी मोडच हवा. उलट, विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट बायनरीत लिनक्सवर गेली तर प्रत्येक ओळीला जास्तीची कॅरेज रिटर्न खूण चिकटून राहते आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ असं उत्तर येतं. ती काढायला डॉसटूयुनिक्स कमांड चालवा. मेनफ्रेमची गोष्ट निराळी, प्रश्न १० पाहा.

१७. कॉलेजच्या वाय-फायवरून कनेक्टच होत नाही.

पोर्ट २२ बंद केलेला असणार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून झालं तर नक्कीच. आडवाटा शोधण्यापेक्षा संगणक विभागाला अर्ज द्या किंवा संस्थेचं व्हीपीएन मागा.

१८. पंधरा वर्षांपूर्वीच्या स्विचला नव्या लॅपटॉपवरून एसएसएच होत नाही, जुन्यावरून होतं.

२०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ या कमकुवत ठरलेल्या ठशावरची जुनी आरएसए सही नाकारली जाते. ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ असा संदेश येतो. कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका स्विचच्या नावाखाली जुना प्रकार चालू करा. सगळ्यांसाठी करू नका. त्याची की डीएसए असेल तर २०२५ च्या १०.० आवृत्तीत तो प्रकारच काढला आहे. मग कन्सोल केबल, नाहीतर नवा स्विच.

१९. मराठी अक्षरं चौकोन दिसतात, किंवा काने-मात्रे सुटे पडतात.

चौकोन किंवा प्रश्नचिन्हं असतील तर पुटीत ‘ट्रान्सलेशन’ पानावर यूटीएफ-८ निवडा आणि देवनागरी असलेला फाँट लावा. मात्रे सुटे पडण्याचं कारण खोल आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर देतो, आणि आपली जोडाक्षरं तशा घरात मावत नाहीत. डेटा शाबूत असतो. खात्री हवी तर फाइल उतरवून साध्या एडिटरमध्ये उघडा.

२०. सर्व्हरवर ‘सातबाऱ्याचे उतारे’ नावाच्या दोन फाइल दिसतात. नाव तंतोतंत सारखं. हे कसं शक्य आहे?

दिसायला सारखं, आत वेगळं. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनी. काही कीबोर्ड तिसरीच वाट घेतात: ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना ‘ऱ’ फोडून दोन तुकडे करते. लिनक्स काहीच बदलत नाही, त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. मग मॅकवरून एकाने आणि विंडोजवरून दुसऱ्याने तीच फाइल चढवली की जुळी तयार होते. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांची यादी’ सगळ्यांचं तेच. हिंदीवाल्यांना हा त्रास मुख्यतः ‘ड़’ आणि ‘ढ़’ मध्ये होतो.

मॅकवरून आरसिंक करत असाल तर आयकॉन्व्ह पर्यायाने यूटीएफ-८-मॅकचं यूटीएफ-८ करून घ्या. सर्व्हरवर आधीच पडलेल्या नावांसाठी कॉन्व्हएमव्ही हे साधन एनएफसी पर्यायासह (फुटलेला ‘ऱ’ परत एका संकेताचा होतो) चालवा. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, नो-टेस्ट सांगितल्यावरच खरं बदलतं. जॉइनरवाली नावं मात्र त्यानेही जुळत नाहीत, ती हातानेच बदलावी लागतात. नवं नाव देण्याआधी दोन्ही फाइल उघडून तारखा बघा. जुळ्यांपैकी एकीत बहुधा नवीन उतारे असतात.